सतरापैकी अकरा : नंदू नाटेकर आणि जोडीचा विसरलेला खेळ

१/
नंदू नाटेकर यांचे नाव भारतीय बॅडमिंटनच्या इतिहासात एकेरीचे कलावंत म्हणून घेतले जाते. त्यांच्या खात्यावर १७ राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. त्यांची फोड मात्र सहसा कोणी करत नाही : ६ एकेरीची, ६ पुरुष दुहेरीची आणि ५ मिश्र दुहेरीची. म्हणजे सतरापैकी अकरा विजेतेपदे त्यांनी कोणाच्या तरी साथीने मिळवली. या अकरांचा विसर कसा पडला आणि त्या विसराची किंमत देशाने किती काळ मोजली, याचा हा धागा.

२/
कथेचे मूळ पुण्यात आहे. पिसांचे फूल रॅकेटने टोलवण्याचा खेळ पूर्वेकडे आणि युरोपातही जुनाच होता. परंतु जाळी बांधून, रेघा आखून, नियम ठरवून तो खेळण्याचे श्रेय पुण्याच्या छावणीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना दिले जाते. १८७३ च्या सुमारास हे नियम लेखी स्वरूपात आले असे मानतात. इंग्लंडमध्ये हा खेळ आरंभी ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई. बॅडमिंटन हे नाव ग्लॉस्टरशरमधील एका सरदारी वाड्यावरून नंतर रूढ झाले.

३/
नियम पुण्यात झाले, पण खेळ पुण्याच्या चहूकडे पसरला नाही. त्याचे कारण फुलाच्या वजनात आहे. १६ पिसांचे हे फूल नियमाप्रमाणे ४.७४ ते ५.५० ग्रॅम भरते. वाऱ्याच्या साध्या झुळकेने ते दिशा सोडते, दमट हवेत जड होते आणि पावसात तर निरुपयोगीच ठरते.

४/
पुण्याच्या नैर्ऋत्येला भोर आणि वेल्ह्याचा मुलूख लागतो. राजगड आणि तोरणा याच डोंगररांगांत आहेत. वर्षाचे चार महिने इथे पाऊस ठाण मांडून असतो आणि उरलेल्या काळात घाटमाथ्यावरचा वारा असतो. कुस्तीला आखाडा पुरतो, कबड्डीला आणि खो-खोला गावची माती पुरते. बॅडमिंटनला मात्र उंच छत आणि चारही बाजूंनी बंद भिंती लागतात. अशी वास्तू उभारणे हे गावाच्या आवाक्यातले काम नव्हते.

५/
त्यामुळे हा खेळ छावण्या, जिमखाने, महाविद्यालये आणि संस्थानांच्या राजधान्या यांच्यापुरता राहिला. ज्याच्यापाशी हॉल, त्याच्यापाशी खेळ. आणि हॉल होता तिथेही कोर्ट बहुधा एक किंवा दोनच असत. संध्याकाळी दहा-बारा माणसे रॅकेट घेऊन जमली, तर एकेरी खेळण्याची चैन कोणाला परवडणार? चौघे आत आणि बाकीचे बाकावर, हाच रिवाज पडला.

६/
म्हणून बॅडमिंटनचा रोजचा, घरगुती अवतार दुहेरीचाच आहे. खेळाच्या आरंभीही हेच होते. जगातील सर्वांत जुनी मानाची स्पर्धा, ऑल इंग्लंड, १८९९ मध्ये प्रथम भरली तेव्हा तिच्यात पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी एवढेच तीन प्रकार होते. एकेरीचे सामने पुढल्या वर्षी, १९०० मध्ये आले. कीर्तीच्या पंगतीत मात्र उशिरा आलेल्या एकेरीला पहिले पान मिळाले.

७/
पुण्याच्या जिमखाना संस्कृतीचे एक लखलखीत उदाहरण देवधरांच्या घरात दिसते. प्रा. दि. ब. देवधर हे स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत आणि महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाचे नेतृत्व करत. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी रणजी करंडक महाराष्ट्राला मिळवून दिला. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही कन्या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या.

८/
मध्यमवर्गीय मराठी घरातील मुलींनी १९४० च्या दशकात रॅकेट हाती घेऊन देश जिंकावा, ही साधी गोष्ट नव्हती. तारा आणि सुंदर या बहिणींनी महिला दुहेरीही जोडीने गाजवली. एकाच घरात, एकाच अंगणात वाढलेल्या दोघींना एकमेकींची हालचाल वेगळी शिकावी लागत नाही. दुहेरीचे गमक नेमके यातच आहे आणि पुढे भारताला तेच हरवलेले दिसते.

९/
१९४७ मध्ये भारतीय बॅडमिंटनचे नाव प्रथमच लंडनमध्ये दुमदुमले. प्रकाश नाथ आणि देविंदर मोहन हे दोघे ऑल इंग्लंड स्पर्धेत उतरले आणि उपांत्यपूर्व फेरीत एकमेकांसमोरच आले. एकमेकांना दमवण्यात अर्थ नाही असे ठरवून त्यांनी नाणे उडवले. कौल प्रकाश नाथ यांच्या बाजूने पडला आणि ते थेट अंतिम फेरीपर्यंत पोहोचले.

१०/
अंतिम सामन्याच्या दिवशी त्यांच्या हाती वर्तमानपत्र पडले. लाहोरमध्ये दंगली उसळल्या होत्या आणि त्यांच्या घराचा भाग जळत असल्याची बातमी होती. त्या मनःस्थितीत ते स्वीडनच्या कॉनी येप्सेनकडून हरले. फाळणीने भारतीय बॅडमिंटनचे पंजाबातील एक मोठे केंद्र तोडले. यानंतर खेळाची सूत्रे ज्या प्रांतांकडे आली, त्यांत महाराष्ट्र अग्रभागी होता.

११/
नंदकुमार महादेव नाटेकर यांचा जन्म १२ मे १९३३ रोजी सांगलीत झाला. भोरप्रमाणे सांगलीही दक्षिणेतील संस्थान होते. ही संस्थाने १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, तेव्हा नाटेकर पंधराव्या वर्षात होते. त्यांना टेनिस आणि बॅडमिंटन या दोन्ही खेळांची ओढ होती, आणि आरंभी पारडे टेनिसकडे झुकलेले होते.

१२/
१९५१-५२ च्या सुमारास राष्ट्रीय ज्युनियर टेनिसच्या अंतिम सामन्यात त्यांची गाठ मद्रासच्या रामनाथन कृष्णन यांच्याशी पडली. नाटेकर हरले. हेच कृष्णन पुढे १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत खेळले. त्या पराभवानंतर नाटेकरांनी टेनिस बाजूला ठेवले. भारतीय टेनिसला एक चांगला खेळाडू कमी मिळाला असेल, पण बॅडमिंटनला तिचा पहिला आंतरराष्ट्रीय विजेता मिळाला.

१३/
१९५३ मध्ये, विशीत असताना, ते एकेरीचे राष्ट्रीय विजेते झाले. १९५४ मध्ये ऑल इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच खेळताना त्यांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्यांच्या खेळाचे वर्णन करताना जाणकार ताकदीविषयी फारसे बोलत नसत. मनगटाची लवचीक हालचाल, जाळीजवळचा नाजूक स्पर्श आणि शेवटच्या क्षणापर्यंत फटक्याची दिशा लपवून ठेवण्याची हातोटी, ही त्यांची ओळख होती.

१४/
१९५६ मध्ये क्वालालंपूर येथे सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून त्यांनी इतिहास घडवला. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. हे यश मलायात मिळाले, याला विशेष महत्त्व आहे. त्या काळी मलाया ही या खेळाची पंढरी होती. १९४९, १९५२ आणि १९५५ असे पहिले तिन्ही थॉमस करंडक मलायाने जिंकले होते.

१५/
मलायाचे बळ एकट्या वाँग पेंग सून यांच्या एकेरीवर उभे नव्हते. डेव्हिड आणि एडी चूंग या भावांनी १९५१, १९५२ आणि १९५३ अशी सलग तीन वर्षे ऑल इंग्लंडची पुरुष दुहेरी जिंकली होती. देवधर भगिनींप्रमाणेच ही एका घरातली जोडी. मलायाने दुहेरीकडे एकेरीचा उरलेला वेळ भरून काढण्याचे साधन म्हणून पाहिले नाही, आणि थॉमस करंडकाची रचनाच अशी होती की तसे पाहणे परवडलेही नसते.

१६/
थॉमस करंडक म्हणजे पुरुषांचे सांघिक जागतिक अजिंक्यपद. तेव्हा प्रत्येक लढतीत दोन दिवसांत ९ सामने होत : ५ एकेरीचे आणि ४ दुहेरीचे. संघातील पहिले दोन खेळाडू प्रत्येकी दोन एकेरी सामने खेळत. दुहेरीच्या दोन जोड्या प्रतिस्पर्ध्यांच्या दोन्ही जोड्यांशी भिडत. एकच खेळाडू दोन्हींत असेल, तर त्याला दोन दिवसांत चार सामने खेळावे लागत.

१७/
नाटेकर असे दोन्हींत खेळणारे खेळाडू होते. १९५१ ते १९६३ या काळात त्यांनी थॉमस करंडकात १६ एकेरी सामने खेळले आणि त्यांतले १२ जिंकले. दुहेरीचेही १६ सामने खेळले, पण जिंकले ८. एकेरीत चारपैकी तीन, दुहेरीत दोनपैकी एक. १९५९, १९६१ आणि १९६३ मध्ये त्यांनी देशाचे नेतृत्वही केले.

१८/
देशात दुहेरी आणि मिश्र दुहेरीची ११ विजेतेपदे मिळवणारा खेळाडू परदेशी जोड्यांसमोर निम्मेच सामने का जिंकतो? वरवर पाहता उत्तर थकव्यात सापडेल, आणि चार सामन्यांचा भार खोटा नव्हता. पण खरे उत्तर शोधायचे तर दुहेरी हा खेळ आतून कसा चालतो, ते पाहावे लागते.

१९/
कोर्टाची लांबी १३.४० मीटर. एकेरीत रुंदी ५.१८ मीटर असते, दुहेरीत ६.१० मीटर. जागा जेमतेम वाढते, माणसे मात्र दुप्पट होतात. त्यामुळे फूल रिकाम्या जागी टाकण्याची संधी कमी मिळते आणि वेग वाढतो. चढाई करताना जोडीतला एक जाळीपाशी उभा राहतो आणि दुसरा मागून स्मॅश मारतो. बचाव करताना दोघे शेजारी-शेजारी येतात आणि डावी-उजवी बाजू वाटून घेतात.

२०/
या दोन रचनांमधला बदल निमिषात करावा लागतो, आणि तो बोलून करता येत नाही. फूल उंच गेले की मागे कोण जाणार, दोघांच्या मधोमध आले की रॅकेट कोणाची, सर्व्हिसनंतर पहिले पाऊल कोणते, हे सारे अंगवळणी पडलेले असावे लागते. एकेरीचा खेळाडू स्वतःच्या प्रतिभेवर सामना ओढून नेऊ शकतो. दोन प्रतिभावंत शेजारी उभे केले म्हणून जोडी होत नाही. जोडी सरावाने होते.

२१/
गुणपद्धतीही वेगळा धीर मागत असे. तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळे. दुहेरीत पहिला डाव सोडला, तर प्रत्येक बाजूच्या दोघांनाही आळीपाळीने सर्व्हिसची संधी मिळत असे. त्यामुळे फलक बराच वेळ हलत नसे. एकाची सर्व्हिस गेली तरी दुसऱ्याने बाजी सांभाळावी, अशी ती परस्परांवर अवलंबून असलेली व्यवस्था होती. आजची २१ गुणांची पद्धत २००६ मध्ये आली.

२२/
नाटेकरांच्या काळातील भारतीय जोडीची अडचण इथे स्पष्ट होते. खेळ हौशी होता, बक्षिसाची रक्कम नव्हती आणि वर्षभर चालणारे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रही नव्हते. खेळाडू आपापल्या प्रांतात, आपापल्या जिमखान्यात खेळत आणि स्पर्धेच्या तोंडावर एकत्र येत. एकेरीची तयारी एकट्याने होऊ शकते. साथीदार शेकडो मैलांवर असेल, तर दुहेरीची तयारी कशी व्हावी?

२३/
मीना शाह यांच्याबरोबरची त्यांची भागीदारी या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. मीना शाह उत्तर प्रदेशाच्या. १९५९ ते १९६५ अशी सलग सात वर्षे महिला एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्याकडे होते. सांगलीचा खेळाडू आणि लखनौची खेळाडू, दोघेही मुळात एकेरीचे विजेते, अशी ही जोडी. १९६२ मध्ये बँकॉकच्या किंग्ज कप स्पर्धेत त्यांनी मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळवले.

२४/
पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, त्याच स्पर्धेत नाटेकरांनी एकेरीही जिंकली. मिश्र दुहेरीतील यशासाठी केवळ फटक्यांचे कौशल्य पुरत नाही. साथीदाराचा खेळ उठून दिसेल असा चेंडू तयार करून देणे, स्वतःचा मोह आवरणे आणि दुसऱ्याच्या चुकीवर चेहरा न बदलणे, हे गुण लागतात. राष्ट्रीय मिश्र दुहेरी पाच वेळा जिंकणाऱ्या खेळाडूत ते असणारच, असे अनुमान काढायला हरकत नाही.

२५/
१९६१ मध्ये केंद्र सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केले. बॅडमिंटनचा पहिला पुरस्कार नाटेकरांना मिळाला, आणि १९६२ मध्ये मीना शाह यांनाही तो मिळाला. दोघांचीही ओळख एकेरीचे विजेते म्हणूनच रूढ झाली आणि बँकॉकचे संयुक्त विजेतेपद चरित्राच्या शेवटच्या ओळीत गेले. इतिहासात एकट्याचे नाव लिहिणे सोपे असते. दोघांचे लिहायचे तर दोन गावे, दोन घरे आणि दोन कारकिर्दी सांगाव्या लागतात.

२६/
याच वर्षांत दक्षिणपूर्व आशियात सत्तांतर घडत होते. १९५८ मध्ये इंडोनेशिया प्रथमच थॉमस करंडकात उतरली आणि सिंगापूरच्या अंतिम लढतीत तिने मलायाला ६-३ असे हरवले. फेरी सोनव्हिल आणि टान जो हॉक हे त्या संघाचे आधार होते. १९५९ मध्ये टान जो हॉक ऑल इंग्लंड एकेरी जिंकणारे पहिले इंडोनेशियन ठरले. १९६१ आणि १९६४ चे करंडकही इंडोनेशियाकडेच राहिले.

२७/
भारत आणि इंडोनेशिया, दोन्ही देश नुकतेच स्वतंत्र झालेले, दोन्हींकडे साधनांची टंचाई. फरक पुढच्या पंधरा वर्षांत पडला. इंडोनेशियात एकेरीचा रूडी हार्तोनो घडला, तशाच जोड्याही घडल्या. तजुन तजुन आणि जोहान वाह्यूदी यांनी १९७४ ते १९८० या सात वर्षांत ऑल इंग्लंडची पुरुष दुहेरी सहा वेळा जिंकली. ही जोडी योगायोगाने जमलेली नव्हती, ती घडवलेली होती.

२८/
त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथले दुहेरीचे खेळाडू निवृत्तीनंतर खेळाबाहेर गेले नाहीत. ख्रिस्तियान हादिनाता यांनी आदे चंद्रा यांच्या साथीने १९७२ आणि १९७३ मध्ये ऑल इंग्लंड जिंकली. पुढे ते दुहेरीचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी आपली विद्या पुढल्या पिढ्यांना दिली. १९९६ मध्ये रिकी सुबाग्जा-रेक्सी मैनाकी आणि २००८ मध्ये मार्किस किडो-हेंद्रा सेतियावान यांनी ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, ते याच परंपरेतून.

२९/
भारतात याच्या उलट घडले. प्रकाश पदुकोण यांनी १९८० मध्ये आणि पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ मध्ये ऑल इंग्लंड एकेरी जिंकली, आणि देशाचे सारे लक्ष एकेरीवर खिळले. मधल्या काळातही जोड्या पदके आणत होत्या. १९७८ च्या एडमंटन राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईच्या अमी घिया आणि कंवल ठाकर सिंग यांनी महिला दुहेरीचे कांस्य मिळवले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी पुरुष दुहेरीचे कांस्य जिंकले. ही नावे आज किती जणांना आठवतात?

३०/
वर्ध्यात जन्मलेली आणि हैदराबादेत घडलेली ज्वाला गुट्टा हिने हा सल उघडपणे मांडला. अश्विनी पोनप्पाच्या साथीने तिने २०१० मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०११ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे कांस्य जिंकले. तरीही दुहेरीला देशात दुय्यम लेखले जाते, ही तक्रार तिने वारंवार जाहीरपणे केली. ती अनेकांना कडवट वाटली. नाटेकरांच्या सतरा विजेतेपदांची फोड समोर ठेवली, तर ती तक्रार एका माणसाची राहत नाही. ती अर्ध्या शतकाची ठरते.

३१/
बदल आला तो जोडी मुद्दाम घडवायची, हे मान्य केल्यावर. मुंबईचा चिराग शेट्टी गोरेगावात उदय पवार यांच्याकडे शिकला. पवार हे स्वतः दुहेरीचे जुने खेळाडू. हैदराबादेत मलेशियन प्रशिक्षक टान किम हर यांनी चिरागला आंध्रच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीबरोबर उभे केले. दोघेही उंच, दोघेही मागून स्मॅश मारणारे. जाळीपाशी कोण जाणार, हा प्रश्न सुटायला वर्षांचा सराव लागला.

३२/
टोकियो ऑलिंपिकच्या आधीच्या काळात भारताने फ्लँडी लिम्पेले यांना दुहेरीच्या प्रशिक्षणासाठी आणले. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एंग हियान यांच्या साथीने कांस्य जिंकलेला हा निवृत्त इंडोनेशियन खेळाडू. त्यानंतर डेन्मार्कचे मथायस बो आले, तेही दुहेरीचेच. जी विद्या नाटेकरांच्या पिढीला कोणी शिकवली नव्हती, ती शिकवायला आता तिचे जाणकार भारतात येत होते.

३३/
२८ जुलै २०२१ रोजी पुण्यात, वयाच्या ८८ व्या वर्षी, नंदू नाटेकर यांचे निधन झाले. ज्या शहरात या खेळाचे नियम लिहिले गेले, तिथेच भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय विजेत्याने शेवटचा श्वास घेतला. त्यांचे पुत्र गौरव नाटेकर टेनिसचे राष्ट्रीय विजेते आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी. वडिलांनी सोडलेला खेळ मुलाने पुढे नेला. श्रद्धांजलीच्या बातम्यांत १९५४ होते, १९५६ होते. त्या अकरा विजेतेपदांची एका वाक्यात बोळवण झाली.

३४/
पुढे दहा महिनेही उलटले नव्हते. १५ मे २०२२ रोजी बँकॉक येथे भारत प्रथमच थॉमस करंडकाच्या अंतिम लढतीत उतरला. समोर १४ वेळा विजेता ठरलेला इंडोनेशियाचा संघ होता. आता लढत पाच सामन्यांची असते : तीन एकेरी, दोन दुहेरी. लक्ष्य सेनने पहिला सामना जिंकून दिला. दुसरा सामना दुहेरीचा होता, आणि इंडोनेशियाने परतण्याची सारी आशा तिथेच बांधलेली होती.

३५/
मोहम्मद अहसान आणि केविन संजया सुकामुल्जो यांच्याविरुद्ध सात्त्विक-चिरागने पहिला गेम १८-२१ असा गमावला. दुसऱ्या गेममध्ये मॅच पॉइंट वाचवत त्यांनी तो २३-२१ असा खेचून आणला आणि तिसरा २१-१९ असा जिंकला. मग किदांबी श्रीकांतने जोनाथन ख्रिस्तीला हरवले आणि भारताने ३-० असा करंडक जिंकला. इंडोनेशियाला तिच्याच बालेकिल्ल्यात, दुहेरीत, मात मिळाली होती. नाटेकर आणि मीना शाह यांच्या बँकॉकमधील विजयाला बरोबर साठ वर्षे झाली होती.

३६/
पुढल्या वर्षी सात्त्विक-चिराग यांनी जकार्तात इंडोनेशिया ओपन जिंकली, हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताला बॅडमिंटनचे पहिले सुवर्ण मिळवून दिले आणि ते जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. त्यांना खेलरत्न पुरस्कारही मिळाला, दोघांना मिळून. जोडीचे नाव एका दमात घेण्याची सवय देशाला आता कुठे लागते आहे.

३७/
थॉमस करंडकातील नाटेकरांचे दुहेरीचे आकडे, १६ पैकी ८, हे अपयश म्हणून वाचू नयेत. सरावाला साथीदार नाही, प्रशिक्षक नाही, विश्रांती नाही, अशा स्थितीत जगातल्या तयार जोड्यांशी बरोबरीत राहिलेल्या खेळाडूचे ते आकडे आहेत. त्यांना जे मिळाले नाही, ते मिळाल्यावर काय होते, हे २०२२ मध्ये दिसले.

३८/
छताचा प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही. घाटमाथ्यावरच्या तालुक्यातील मुलाला आजही बंद हॉल सहज मिळत नाही, आणि मिळाला तर त्यात एखादेच कोर्ट असते. त्या कोर्टवर चौघे उतरतील, हे उघड आहे. म्हणजे तिथे जो खेळ पहिल्यांदा शिकला जाईल तो दुहेरीचाच असेल. त्याला कमी प्रतीचा समजण्याची चूक महाराष्ट्राने आणि देशाने एकदा करून पाहिली आहे.

(धागा समाप्त)